औषधाला उपास नसतो

टल्ला गावाजवळ, काउंटी क्लेअर, आयर्लंड
१९ एप्रिल २०२१

आत्या,

नमस्कार घे, आणि आधी एक शिवी दे, म्हणजे मला पुढचं लिहायला बरं पडेल. पाडव्याच्या आधी तुझं पत्र आलं, मेतकुटाची पिशवी आली, आणि मी उत्तराला आज बसतोय. रोज ठरवत होतो, खरंच. एकदा 'आत्या' एवढं लिहूनही झालं होतं, तर बाहेर शेजारच्या पॅडीची गाढवं सुटली. ती धरायला गेलो, मग पॅडीनं चहाला बसवलं, मग त्याच्या मृत भावाची गोष्ट निघाली, ती ऐकून आलो तर कॅरॅव्हॅनच्या छपरातून गळून कागद ओला. मग म्हटलं, उद्या. असे बरेच उद्या गेले.

तू म्हणशील, फोन का लागत नाही. फोन ओर्लाच्या किचनमधल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, बंद करून ठेवलाय. रेवतीला सांग, तिचा मामेभाऊ मेलेला नाही. ग्रँड आहे, म्हणजे मजेत.

ओर्ला म्हणजे मी जिच्या शेतावर राहतो ती. एनिसच्या हॉटेल कोर्सचं काय झालं ते तुला माहीतच आहे, लाहिंचचं आइस्क्रीमचं दुकानही लॉकडाऊनमध्ये बंद पडलं. तेव्हापासून इथं. कॅरॅव्हॅन माझी, त्याच्या बदल्यात मी हिची कोबी-गाजरं बघतो. बाई पन्नाशीची, उंच, आवाज पोलिसासारखा. बरीच वर्षं पेरूत राहून आली. हसू नकोस, देश आहे. तिथल्या जंगलात एक वेल असते, तिचा काढा करतात. सगळ्यांनी अंधार पडल्यावर गोल बसून तो प्यायचा, कुणीतरी गाणी म्हणायची. आधी उलट्या होतात आणि मग माणसाला काय काय दिसतं. गेलेली माणसंही दिसतात, असं म्हणतात. ओर्ला दरवर्षी एकदा अशी बैठक घेते, ओळखीच्या लोकांपुरती. इथल्या कायद्यात ते बसत नाही, म्हणून तुझ्या जावयाला, अनिमेषला, सांगू नकोस. तो आधी ओर्लाचं लिंक्डइन शोधेल.

यंदाची बैठक २२ मेला आहे आणि मी बसणार आहे. का ते तुला सांगायला नकोच, पण सांगतो. मला बाबांना एकदा बघायचंय. सप्टेंबरात ते गेले तेव्हा मी दुकानात एका पोराला कोनमध्ये आइस्क्रीम भरून देत होतो. दादाचा फोन आला, मी 'बरं' म्हटलं आणि कोन पुरा केला. त्यानंतर मला रडू आलेलं नाही, आत्या. एकदाही नाही.

तर आता पथ्य. काढ्याआधी महिनाभर फोन नाही, मीठ नाही, साखर नाही, तिखट, कांदा, लसूण, चहा, कॉफी नाही, आंबवलेलं किंवा मुरलेलं काहीच नाही. म्हणजे इडली गेली, दही गेलं, तुझं लिंबाचं लोणचं गेलं. मी ओर्लाला म्हटलं, बाई, आम्ही हे जन्मापासून करतोय, याला उपास म्हणतात, तू निर्धास्त राहा. आणि तिला दाखवायला लिमरिकच्या दुकानातून साबुदाणा आणवून खिचडी केली. तिनं दोन बशा खाल्ल्या. त्या दिवशी भिंत रचायला आलेल्या डेक्लनला म्हणाली, "युअर मॅन हिअर इज अ जीनियस." युअर मॅन म्हणजे मीच. मग विचारलं, यात आहे काय?

म्हटलं, शेंगदाणे.

"शेंगदाणे चालत नाहीत."

म्हटलं, उपासाला चालतात. हिरवी मिरची पण चालते.

"मिरची? आणि मीठ?"

म्हटलं, मीठ नाही, ते सैंधव आहे.

तिनं डबीतलं सैंधव जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडं अशी बघत राहिली की मला शाळेतल्या चव्हाणबाई आठवल्या. "राजस, हे मीठ आहे." मी तिला समजावलं की दिसायला मीठ असलं तरी मोजायला मीठ नाही. डेक्लन हसून हसून भिंतीला टेकला. शेवटी ती म्हणाली, तुमचा देव फारच समजूतदार दिसतो, माझी वेल तशी नाही.

तेव्हापासून मी खरं पथ्य करतोय. सकाळी उठल्यावर कोमट पाणी आणि माझी गोळी, मग पाण्यात शिजवलेले ओट्स. दुपारी भात आणि गाजर, संध्याकाळी बटाटा. ओर्लानं विचारलं, याशिवाय पोटात दुसरं काही जातं का? म्हटलं, काही नाही.

तुझं मेतकूट डब्यात बंद आहे. वास घेतो फक्त.

तुझा,
राजस


नास
२४ एप्रिल २०२१

चि. राजस,

आशीर्वाद. शिवी दिली, मोठ्यानं दिली, स्वरालीनं ऐकली आणि आता ती घरभर म्हणत फिरतीया. रेवती मला बोलली, माझ्या लेकीला काय शिकवतेस म्हणून. तेव्हा हिशेब मिटला.

तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. काढ्याचं मला काय कळंना, पण पथ्याचं कळतं. अरे, सैंधवाला मीठ म्हणणारी बाई हुशार म्हणायची. मी सासरी आले तेव्हा मलाही हाच प्रश्न पडला होता, पण मी नवी सून, विचारणार कुणाला? महिनाभर आळणी जेवायचं म्हणजे सोपं नाही हो. माझ्या आईनं, म्हणजे तुझ्या आजीनं, एक चातुर्मास आळणी केला होता. पहिले आठ दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. तेव्हा तू कुणावर डाफरलास तर मनाला लावून घेऊ नकोस, मिठाचा दोष आहे. काकडी खात जा. भगर मिळाली तर बघ. रताळं उकडून खाल्लंस तर साखरेची आठवण होणार नाही. केळं फार पिकलेलं नको असेल तिला, तेवढं विचार.

आणि गोळीचं लिहिलंस ती चालू ठेव हो, पथ्याच्या नादात बंद करू नकोस. औषधाला उपास नसतो. तुझी आजी निर्जळी एकादशी करायची पण रक्तदाबाची गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायचीच. कुणी काही म्हणालं तर म्हणायची, देवानं डॉक्टर कशाला केलाय? तुझी ड जीवनसत्त्वाची असंल. इथं ऊन कुठं आहे, रेवती आम्हा सगळ्यांना देते.

माझं बरं चाललंय. लेकीकडं चार महिन्यांसाठी म्हणून आले ती वर्ष उलटलं तरी इथंच. मिरजेचं काय ऐकू येतं ते तू फोन बंद ठेवून ऐकत नाहीस हे एका परीनं बरंच. रोज कोण ना कोण जातंय या साथीत. मी दुपारी कालव्याकाठी फिरायला जाते. साडीवर बूट घालते, लोक हात करतात. एक म्हातारा रोज झिमझिम पावसात "सॉफ्ट डे" म्हणतो. मी पण म्हणते.

संजूला, तुझ्या बाबाला, बघायचंय म्हणतोस, त्यावर मला काय लिहावं सुचंना. ते पुढं कधीतरी.

तुझी,
चित्राआत्या


टल्ला
३० एप्रिल २०२१

आत्या,

यावेळी बघ, लगेच लिहितोय. गाढवं सुटलीयेत बाहेर, तरी उठलेलो नाही.

काल ओर्लानं बैठकीला येणाऱ्या सगळ्यांना कोठारात बोलावलं. दारं उघडी, सगळे लांब लांब खुर्च्या टाकून, मास्क लावून. आम्ही सहा जण. त्यात कासलबारची नूला म्हणून एक बाई आहे, बारीक, बडबडी, इतक्या लांबून आली, काउंटीबाहेर जायला बंदी आहे ना, वाटेत गार्डांनी, म्हणजे पोलिसांनी, अडवलं तर मेंढी बघायला चाललेय म्हणाली. क्रॅक आहे एकदम, म्हणजे इथल्या भाषेत धमाल. तिनं सहज विचारलं, मला खोकला झालाय, औषध घेतलं तर चालेल ना?

ओर्लाचा चेहराच बदलला. म्हणाली, खाण्यापिण्यात एखादी चूक झाली तर मी समजून घेईन, पण औषधात नाही. दुकानातून आणलेलं खोकल्याचं औषधसुद्धा मला विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. आणि मनाच्या आजारावरची गोळी जे घेतात त्यांनी हा काढा प्यायचाच नाही. दोन्ही पोटात एकत्र आलं तर माणूस जातो, इतकं साधं आहे ते. आणि बैठकीसाठी म्हणून कुणी मनानं गोळी बंद केली असेल तर त्यानंही यायचं नाही, आधी आपल्या डॉक्टरकडं जायचं. मग एकेकाकडं बघून विचारत गेली. घेतोस? घेतेस? माझी पाळी आली. मी म्हटलं, नाही.

आत्या, ती गोळी ड जीवनसत्त्वाची नाही.

नोव्हेंबरात एनिसच्या एका डॉक्टरीणबाईंनी दिली. मी गेलो होतो पाठ दुखते म्हणून. त्यांनी पाठीचं विचारलं, मग झोपेचं, मग घरचं, आणि मी त्यांच्या टेबलावरच्या स्टेपलरकडं बघत बसलो, किती वेळ ते मला माहीत नाही. तेव्हापासून रोज सकाळी एक. त्यानं मी बरा चाललो होतो, खरं सांगायचं तर. उठता यायला लागलं, गाजरं उपटता यायला लागली.

ओर्लानं आधी विचारलं होतं तेव्हा मी खोटं बोललो नव्हतो. खरंच डोक्यात आलं नाही. आपल्यात गोळी खाण्यात धरतच नाहीत ना. तू पण तेच लिहिलंस. पण काल मात्र कळून सवरून नाही म्हटलं. 'हो' म्हटलं असतं तर तिनं तिथंच यादीतून काढलं असतं, आणि मग परत पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मी कुठं असेन मला काय माहीत. मला हे आताच हवंय.

मग विचार केला, एवढं काय त्यात? कांदा सोडला, लसूण सोडला, चहा सोडला, तशी गोळी सोडायची. म्हणजे ओर्लाला दिलेलं उत्तर पण खरं होईल. आज सकाळी घेतली नाही. काही झालं नाही, उलट हलकं वाटतंय.

रेवतीला बोलू नकोस. ती नर्स आहे, ती लगेच कपाळाला आठ्या घालून 'राजस, लिसन टु मी' सुरू करेल. हे फक्त तुझ्यामाझ्यात.

राजस


नास
४ मे २०२१

चि. राजस,

आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. मी ते ब्लाउजात ठेवलं आणि दिवसभर स्वयंपाकात चुकत राहिले. अनिमेषरावांनी कोशिंबीर गोड का म्हणून विचारलं.

आपल्या घरात असल्या गोळ्या कुणी घेतल्या नव्हत्या. संजूच्या पोरावर ही वेळ यावी आणि मला इथं दोन-तीन तासांच्या अंतरावर बसून कळू नये, याचं वाईट वाटलं. पण आता सोडलीस ते बरंच केलंस असं मला वाटतं. तसल्या गोळ्यांची सवय लागते म्हणतात. तरणाताठा पोरगा तू, चार दिवस त्रास झाला तर सोस. नीट जेव, लवकर झोप, सकाळी सूर्याला नमस्कार घाल. दिसला तर.

रेवतीला बोलणार नाही.

चित्राआत्या


टल्ला
१० मे २०२१

आत्या,

तुझं पत्र वाचून बरं वाटलं. कुणीतरी 'बरं केलंस' म्हणालं.

आजपासून एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत जायला परवानगी मिळाली. सकाळपासून रस्त्यावर नुसत्या गाड्या. पॅडीची लेक गॉलवेहून आली, त्यानं दाढी केली, टाय बांधला, स्वतःच्या लेकीसाठी! मला वाटलं आपणही बस धरावी, पण बैठकीच्या आधी शेत सोडायचं नाही असं ठरलंय. आणि खरं म्हणजे मला बसच्या स्टँडपर्यंत चालत जायचाच कंटाळा आलाय. चार-पाच दिवस झाले, एक विचित्र प्रकार चाललाय. मान वळवली की डोक्यात चर्रकन करंट बसतो. दुखत नाही, पण क्षणभर सगळं विझून परत लागल्यासारखं होतं. गाजराच्या वाफ्यात दोनदा तसाच खाली बसलो. घाम येतो. स्वप्नं इतकी पडतात की उठल्यावर दमलेला असतो. काल ओर्लाच्या कुत्र्यावर असा ओरडलो की ते बिचारं अजून माझ्या बाजूला येत नाही. आणि डेक्लननं फक्त "हाऊ'ज द फॉर्म?", म्हणजे कसा आहेस, विचारलं तर मी हातातलं फावडं फेकलं. त्याच्यावर नाही, बाजूला. पण फेकलं.

तू म्हणाली होतीस तसं मिठाचंच असणार. डेक्लन म्हणतो शरीरातलं विष निघतंय. म्हणजे चांगलंच.

ओर्लाला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय माझं सर्दीपडसं आहे. थोडेच दिवस राहिलेत.

एक गंमत सांगायची होती, नूलाच्या मेंढीची, पण विसरलो काय ते.

राजस


नास
१३ मे २०२१

चि. राजस,

हे पत्र रेवती स्वतः पोस्टात जाऊन जलद टपालानं टाकतीया, उद्या तुझ्या हातात पडावं म्हणून. हो, रेवतीला सांगितलं. मला काय म्हणायचं ते म्हण.

काल मी तुझं पत्र किचनमध्ये बसून वाचत होते. ती ड्यूटीवरून आली, हात धूत होती. मी आपलं सहज विचारलं, का गं, मीठ खाल्लं नाही तर डोक्यात करंट बसतो का? तशी ओल्या हातानं वळली. "कुणाला बसतोय?" म्हटलं, कुणाला नाही, वाचलं कुठंतरी. "आई, मिठानं नाही बसत. गोळ्या एकदम बंद केल्या की बसतो. कुणी बंद केल्या?" मी पत्राची घडी घालायला लागले. "आई, राजसनं?" माझा चेहरा तुला माहीत आहे, त्यात काही लपत नाही. तिनं पत्र घेतलं, उभ्यानंच वाचलं, आणि मग मला एवढंच म्हणाली, "आणि तू त्याला बरं केलंस म्हणालीस?"

राजस, मला कळत नव्हतं आणि मी कळतंय असं लिहिलं. रेवती सांगते ते नीट ऐक. एक, ज्या डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली त्यांच्याकडं पत्र मिळाल्याबरोबर जा आणि बंद केली म्हणून सांग. आपल्या मनानं परत सुरू पण करायची नाही, त्या सांगतील तसं. दोन, ओर्लाला खरं सांग. गोळी सोडून थोडे दिवस झाले म्हणजे अंगातून गेली असं होत नाही, आणि परत सुरू केलीस तर मग तो काढा म्हणजे विषच. रेवती आत्ताच गाडी काढून निघाली होती, तुला कानाला धरून आणायला. मीच थांबवलं. म्हटलं, त्याला ओढला तर तो दावं तोडून आणखी लांब जाईल, आधी पत्र जाऊ दे. मी चुकत असेन तर देव मला बघून घेईल, पण तू तेवढं खोटं पाडू नकोस मला.

आता संजूचं.

तुला तो तिथं दिसेल की नाही मला माहीत नाही. मला तो रोज दिसतो, काढ्याशिवाय. तुझ्या बाबानं तुला सांगितलं नसणार, तो एकोणीस वर्षांचा असताना घरातून पळाला होता. दही आणायला गेला आणि पाच महिने आला नाही. गोव्यात एका लाँचवर तिकिटं फाडत होता. का गेलास म्हटलं, तर म्हणाला, दही संपलं होतं म्हणून पुढच्या दुकानात गेलो, तिथंही नव्हतं. आमचे वडील त्याला जन्मभर त्यावरून बोलले, म्हणून तो तुला कधी बोलला नाही, कोर्स सोडलास तेव्हासुद्धा. तू समजलास तो रागावून गप्प आहे. तो रागावला नव्हता रे. मला फोन करून हसला होता. म्हणाला, ताई, पोरगं दही आणायला गेलंय.

असलं माझ्याकडं पोतंभर आहे आणि ऐकायला कुणी नाही. रेवतीला वेळ नाही. अनिमेषरावांपुढं रडायची चोरी. मी कालव्यावरच्या त्या म्हाताऱ्याला मराठीतून सांगते कधीकधी. तो "ग्रँड, ग्रँड" म्हणतो.

उत्तर लगेच टाक.

आत्या


टल्ला
१७ मे २०२१

आत्या,

पत्र मिळालं. त्याच दिवशी पॅडीनं एनिसला सोडलं, डॉक्टरीणबाईंना भेटलो. ओरडल्या नाहीत. गोळी परत सुरू, त्यांनी सांगितली तशी. करंट कमी झालाय.

काढ्याचं त्यांना बोललो नाही. ओर्लाला अजून सांगितलेलं नाही. माझी जागा कोठारात खिडकीशी आहे, तिनं घोंगडी पण ठेवलीये. बघतो.

मला बाबांचं दह्याचं माहीत नव्हतं.

राजस


नास
२२ मे २०२१, शनिवार

चि. राजस,

तुझं कार्ड आलं त्याला चार दिवस झाले. 'बघतो' म्हणजे काय? मी लगेच पत्र टाकलं, उत्तर नाही. रेवतीनं परत टाकलं, त्यालाही नाही. फोन अजून प्रेसमध्येच असणार. काल तिनं शेताचा नंबर कुठून कुठून शोधला, तो वाजून वाजून बंद होतो.

आज ती बैठक. रेवतीची ड्यूटी दुपारी सुटते, ती आल्याबरोबर आम्ही दोघी निघणार आहोत. अंधार पडायच्या आत पोचू म्हणते. मी सकाळपासून तयार होऊन बसलीये, पर्स मांडीवर. अनिमेषरावांनी गाडीत पेट्रोल भरून ठेवलं, त्यांना सगळं सांगितलं. ते लिंक्डइनवर गेले नाहीत. मागच्या अंगणात जाऊन वाळत घातलेले कपडे काढून आणले, मग म्हणाले, आई, मी पण येऊ का?

हे पत्र कशाला लिहितीया मला कळंना. आज टाकलं तरी तुला सोमवारी मिळणार, आणि सोमवारी ते वाचणारा कसा असंल याचा विचार मी करत नाही. पण हात रिकामा ठेवला की पर्सची चेन उघडझाप करत बसते. म्हणून लिहिते.

तुला काही शिकवायला लिहीत नाही आता. माझी शिकवण संपली, ती किती उपयोगाची होती ते तू बघितलंस. एवढंच सांगते, त्या खिडकीशी तुझी जागा आहे तशी इथंही आहे. स्वरालीच्या खोलीत खाली गादी टाकली की झालं. ती रात्री लाथा मारते. संजूचं सांगायला मला वर्ष लागेल, आणि विमानं सुरू झाली तरी मी ते सांगून झाल्याशिवाय जाणार नाही असं रेवतीला मी काल

थांब. बेल वाजली. रेवती एवढ्यात नाही यायची, तिच्याकडं किल्ली आहे. स्वराली गेली दाराशी. इथून तिचा आवाज ऐकू येतोय.

"आजी! देअर्ज अ फेला आउटसाइड विथ अ मॅसिव्ह बॅग."

मी म्हटलं, पार्सलवाला असंल, खाली ठेव म्हणावं.

"ही'ज नॉट पार्सल, आजी. ही'ज टेकन हिज शूज ऑफ!"

मी खिडकीशी आले. बाहेर पाऊस आहे. या रस्त्यावर कुणी दाराबाहेर बूट काढत नाही. फाटकाच्या आत एक वाळलेला, दाढी वाढलेला पोरगा ओले बूट हातात धरून पायमोज्यांवर उभा आहे, आणि स्वरालीला मराठीत म्हणतोय की आत्याला सांग, काल ओर्लाला सगळं सांगून टाकलं, आणि विचार, घरात मीठ घातलेलं काही शिल्लक आहे का.